छत्राचा इतिहास आणि आमची मिरास

तंजावरास जाऊन आलेला मराठी माणूस परत आल्यावर काय काय सांगेल, हे आता आम्हांस पाठ झाले आहे. प्रथम राजवाडा, मग सरस्वती महालातील पोथ्या, मग बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेले भोसले वंशाचे मराठी चरित्र, आणि शेवटी, तोंडी लावण्यापुरती, संभाजीराजांच्या नावावर खपविलेली सांबाराची दंतकथा. एवढे सांगून झाले की वक्त्याचा ऊर भरून येतो, श्रोत्यांचा ऊर भरून येतो, आणि तंजावर पुन्हा पुढील सहलीपर्यंत मिटून ठेविले जाते. पुण्यामुंबईहून आठ दिवसांच्या रजेवर गेलेल्या प्रवाशाने असे करावे, हे समजण्यासारखे आहे. परंतु ज्यांची निम्मी नोकरी दक्षिणेत गेली, ज्यांनी तेथील तहसिलींचे कागद चाळले, कालव्यांचे तंटे ऐकले, पिकांच्या आणेवारीवर सह्या केल्या, त्या मराठी अधिकाऱ्यांनीही नेमके हेच आणि एवढेच सांगावे, ही गोष्ट आम्हांस क्षम्य वाटत नाही. प्रस्तुत लेख त्यांच्यासाठी आहे. आणि तो गोड लागावा म्हणून लिहिलेला नाही.

उदाहरणादाखल एकच वास्तू घेऊ. तंजावराहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडू नावाचे गाव आहे. तेथे मुक्तांबाळ छत्र ही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सरफोजी महाराजांनी (दुसरे सरफोजी, कारकीर्द १७९८ ते १८३२) उभारलेली विस्तीर्ण वास्तू आहे. मुक्तांबा ही राणी नव्हे. महाराजांची प्रिय सखी. मरणसमयी तिने आपल्या नावे अन्नछत्र घालण्याची विनंती केली आणि महाराजांनी ती पुरविली, अशी आख्यायिका आहे. या वास्तूवर मराठीत जेव्हा जेव्हा लिहिले जाते तेव्हा तेव्हा ही आख्यायिका पहिल्या परिच्छेदात येते, खांबांचे आणि चौकांचे वर्णन दुसऱ्यात येते, आणि तिसऱ्यात ताजमहालाची आठवण काढून लेखक डोळे पुसतो. झाला छत्राचा इतिहास!

आमचे म्हणणे असे की, हा छत्राचा इतिहास नव्हे. ही एका घराण्याची हळवी आठवण आहे. छत्र म्हणजे काही थडगे नव्हे, की बांधणाऱ्याचे आणि जिच्यासाठी बांधले तिचे नाव सांगितले म्हणजे सारे सांगून झाले. छत्र म्हणजे अन्न घालण्याचे घर. अन्नाच्या घराचा इतिहास अन्नापासून सुरू झाला पाहिजे. तांदूळ कोठून आला, कोणत्या गावाच्या उत्पन्नातून आला, तो कोणी लावला, कोणी कापला, कोणी झोडला, आणि झोडणाऱ्याच्या पदरी त्यातला किती पडला, हे ज्या इतिहासात नाही, तो इतिहास दाराची कमान पाहून घराचे वर्णन करणाऱ्यासारखा आहे.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो. या छत्रांची थोरवी आम्हांस मान्य आहे. किंबहुना आमच्या हळव्या लेखकांना ती जितकी ठाऊक आहे त्याहून अधिक ती खरी आहे. रामेश्वरच्या यात्रेच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी अशी अनेक छत्रे घातली. बहुतेकांस राजवाड्यातील स्त्रियांची नावे दिली. नीडामंगलमचे यमुनांबाळ छत्र त्यांपैकीच. समुद्रकाठच्या एका गावाचे तर नावच आजतागायत सेतुभावाछत्रम असे आहे. १८०१ साली सरफोजी महाराजांनी कंपनीच्या रेसिडेंटास या छत्रांविषयी पत्र लिहिले. ब्राह्मणापासून परैयरापर्यंत, जोगी, जंगम, फकीर, जो कोणी वाटसरू येईल त्यास अन्न मिळे. शिजविलेले नको असेल त्यास शिधा मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून अद्याप कोणी उपाशी राहिला आहे काय, याची विचारणा होई. आजाऱ्यास औषध मिळे, मुलांस शिक्षण मिळे, असे महाराज त्या पत्रात सांगतात. ज्या राजाला ही मध्यरात्रीची घंटा सुचली, तो थोर मनाचा होता यात शंका नाही.

आणि हे त्याने कोणत्या अवस्थेत केले, तेही पाहा. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने मुलुखाचा कारभार कंपनीकडे गेला होता. महाराजांकडे उरला तो किल्ला आणि वाडा, ठरलेली नेमणूक, आणि मुलुखाच्या निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. राज्य गेलेल्या राजाने रदबदली कशासाठी केली, तर छत्रे आपल्या हाती राहावीत म्हणून. तोफांसाठी नव्हे, सलाम्यांसाठी नव्हे, तर अन्नदानासाठी. पुढे १८५५ साली दुसरे शिवाजी पुत्रावाचून वारले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. राणी कामाक्षीबाईंनी दाद मागितली. ती १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेली, आणि हे राज्यसत्तेचे कृत्य असल्यामुळे न्यायालयाला त्यात हात घालता येत नाही, असा निकाल मिळाला. छत्रेही राजघराण्याच्या हातून सुटून सरकारी व्यवस्थेखाली गेली. हा सारा इतिहास करुण आहे, आणि तो सांगण्याजोगा आहे. परंतु तो अर्धा आहे.

उरलेला अर्धा शेतात आहे.

कावेरीच्या खोऱ्यात भात आपोआप पिकत नाही. कल्लणैचा बंधारा कितीही पुरातन असो, पाणी शेतात आले म्हणजे पीक आले असे होत नाही. कुरुवै, सांबा, तालडी या तिन्ही हंगामांत पेरणी, चिखलणी, लावणी, खुरपणी, कापणी, मळणी अशी कामे असतात, आणि त्यांतले प्रत्येक काम कमरेतून वाकून करावे लागते. ही कमर कोणाची? तंजावरात मोठ्या जमीनदाराच्या शेतवाडीला ‘पण्णै’ म्हणतात, आणि त्या पण्णैला पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या मजुराला ‘पण्णैयाळ’. हे बहुतांशी पळ्ळर आणि परैयर जातींचे. त्यांची मजुरी धान्यात, त्यांचे झोपडे मालकाच्या जमिनीत, त्यांचे कर्ज बापाकडून मुलाकडे. १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामगिरीची कायदेशीर मान्यता संपली. पण हे बंधन संपले नाही. ते इतके टिकले की, १९५२ साली राजाजींच्या सरकारला तंजावरची कुळे आणि पण्णैयाळ यांच्या संरक्षणासाठी खास कायदा करावा लागला. कायद्याच्या नावातच जिल्ह्याचे नाव घालावे लागले, यापेक्षा अधिक बोलका पुरावा कोणता हवा?

आता कोणी म्हणेल, हे सारे इंग्रजांचे पाप. त्यांच्या सारापद्धतीने शेतकरी भूमिहीन झाला. ही सबब सोयीची आहे, पण टिकणारी नाही. धर्मा कुमार यांनी १९६५ साली मद्रास इलाख्यातील शेतमजुरांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात हेच दाखविले आहे की, भूमिहीन आणि जन्माने बांधलेल्या मजुरांचा मोठा वर्ग इंग्रजी अमलापूर्वीच तेथे होता. कॅथलीन गॉफ या मानवशास्त्रज्ञ बाई १९५१ ते १९५३ या काळात तंजावरच्या खेड्यांत राहून आल्या. त्यांचा ग्रंथ १९८१ साली निघाला. त्यांनीही जमिनीचा मालक आणि तिच्यात राबणारा यांमधले हे अंतर वेशीपासून पाणवठ्यापर्यंत कसे आखलेले असे, ते नोंदवून ठेविले आहे. आमच्यापैकी कितीजणांनी ही पुस्तके हातात घेतली? खांब मोजणाऱ्यांना शेते मोजण्यास सवड नव्हती.

येथे एका शब्दाकडे वाचकांचे लक्ष वेधतो. तंजावरच्या जमीनदाराला तमिळ माणूस काय म्हणतो? ‘मिरासुदार’. हा शब्द तमिळ नाही. मूळ अरबी, पण आम्हां मराठ्यांच्या दप्तरात मुरलेला. मिरास म्हणजे वंशपरंपरेचा हक्क. मिरासदार म्हणजे तो हक्क भोगणारा. दक्षिणेत मराठीने काय ठेविले याची यादी करताना आम्ही कीर्तन सांगतो, नाटके सांगतो, १८०६ साली सरफोजींच्या छापखान्यातून निघालेली ‘बालबोध मुक्तावली’ सांगतो. परंतु भाताच्या शेतात राबणाऱ्याच्या तोंडी जो शब्द रोज होता, तो या यादीत येत नाही. पोथी पोथीखान्यात राहिली; ‘मिरासदार’ मात्र गावोगाव पसरला.

आणि त्या शब्दाचा शेवट कोठे झाला? २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी या गावी. (ते आता नागपट्टिनम जिल्ह्यात आहे.) मजुरीत थोडे अधिक भात मागणाऱ्या दलित मजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला. जीव वाचविण्यासाठी एका झोपडीत शिरलेली ४४ माणसे, त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले, जिवंत जाळली गेली. खालच्या न्यायालयात शिक्षा झालेले मिरासदार उच्च न्यायालयात सुटले. एवढे धनवान, विस्तीर्ण जमिनींचे मालक स्वतः पायी चालत जाऊन असे कृत्य करतील हे संभवत नाही, असा विचार त्या निकालपत्रात आला. मोठ्या घराची प्रतिष्ठा हीच साक्ष ठरली! घराचा इतिहास केवळ मालकाच्या तोंडून ऐकण्याची सवय किती खोल जाते, हे यावरून कळेल. ती सवय केवळ लेखकांना असते असे नाही.

१९६८ आणि मराठ्यांचे राज्य यांत एकशे तेरा वर्षांचे अंतर आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. त्या रात्रीचा दोष आम्ही भोसल्यांच्या माथी मारीत नाही. तसे करणे मूर्खपणाचे होईल. आमचे म्हणणे इतकेच की, ज्या भाताच्या मुठीसाठी ती माणसे मेली, त्याच खोऱ्यातल्या भातावर राजवाडा चालला, देवालये चालली, आणि ती पुण्यशील छत्रेही चालली. छत्राच्या घंटेचे कौतुक करणाराने शेताकडे पाठ करून उभे राहू नये.

यावर जे आक्षेप येतील ते आम्हांस दिसत आहेत. त्यांचा विचार करू.

पहिला आक्षेप असा की, ही व्यवस्था भोसल्यांनी निर्माण केली नाही. चोळांपासून, नायकांपासून ती चालत आली; १६७५ साली व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले तेव्हा त्यांना ती तयार मिळाली. हे खरे आहे. परंतु मालमत्ता आमची आणि देणे मात्र मागल्यांचे, हा न्याय कोणत्या दिवाणी न्यायालयात चालतो? नायकांचा वाडा आम्ही ‘मराठ्यांचा राजवाडा’ म्हणून सांगतो. चोळांच्या देवळाच्या भिंतीवर आमची वंशावळ कोरली गेली, तिचा अभिमान धरतो. जे सुंदर ते वारशाने आमचे, आणि जे कुरूप ते पूर्वापार चालत आलेले, असा वाटणीपत्राचा मसुदा कोणी अशील घेऊन आला, तर आमचे अधिकारी वाचक त्याला दारातूनच परत पाठवतील.

दुसरा आक्षेप: अशाने थोर पुरुषांची प्रतिमा मलिन होते. आम्हांस उलट वाटते. ज्या राजाने परैयर वाटसरूलाही छत्रात जेवू घालण्याची गोष्ट परक्या सत्तेला अभिमानाने लिहून कळविली, त्याची आम्हांला इतकी काळजी का वाटावी? तो आपल्या काळाच्या एका मर्यादेपर्यंत पोहोचला होता. ती मर्यादा कोठे होती हे सांगितल्याने तो लहान होत नाही; तो माणूस होतो. त्याची मूर्ती करून ठेवण्यानेच तो लहान होतो, कारण मूर्तीला कोणी प्रश्न विचारीत नाही.

तिसरा आक्षेप अधिक धूर्त आहे: हा तमिळ लोकांचा अंतर्गत प्रश्न, आपण पाहुणे, आपण त्यात का पडावे? अहो, एकशे ऐंशी वर्षे राज्य केले तेव्हा आपण पाहुणे नव्हतो, आणि हिशेब विचारला की पाहुणे! शिवाय हिशेबाच्या वह्या कोणत्या लिपीत आहेत? तंजावरच्या दप्तरातील राजवाड्याचे आणि छत्रांचे जमाखर्च, पगारपत्रके, धान्याच्या नोंदी मोडीत आहेत. भाषा मराठी आहे. हे कागद वाचण्याचे पहिले कर्तव्य कोणाचे होते? १९८१ साली तंजावरला तमिळ विद्यापीठ स्थापन झाले आणि तेथील विद्वानांनी मोडी शिकून, या कागदांतील निवडक मजकुराची तमिळ भाषांतरे टीपांसह प्रसिद्ध केली. आमच्या भाषेतला हिशेब त्यांनी त्यांच्या भाषेत वाचून घेतला. आम्ही काय केले? शाळांतून मोडी घालविली, घरातल्या मोडी कागदांच्या पुड्या बांधल्या, आणि तंजावरास जाऊन सरस्वती महालाच्या दाराशी छायाचित्रे काढून आलो. किल्ली आमच्या खिशात होती. कुलूप दुसऱ्यांनी उघडले. त्यांचे अभिनंदन केले पाहिजे, आणि आम्ही खाली मान घातली पाहिजे.

चौथा आक्षेप व्यवहाराचा आहे: छत्रांच्या भिंती ढासळत आहेत, आधी त्या वाचवा, मग मजुरांचा इतिहास लिहा. भिंती अवश्य वाचवाव्यात. पण कोणासाठी? ज्या वास्तूत आपल्या पूर्वजांचा काही संबंध होता असे भोवतालच्या गावाला वाटतच नाही, ती वास्तू गाव कशासाठी राखील? तुम्ही तेथे राजाची तसबीर आणि प्रेमकथा लावलीत, तर गाव म्हणेल, राजाची वास्तू, राजाचे वंशज पाहून घेतील. तेथे जर लिहिले की, या चुलीवर जो तांदूळ शिजला तो अमुक अमुक गावच्या शेतांतून आला आणि तो पिकविणारे हे हे होते, तर ती वास्तू गावाची होईल. दगडाला चुना लागतो तसा वास्तूला वारसदार लागतो.

ही काही आमच्या डोक्यातून निघालेली कल्पना नव्हे. अमेरिकेच्या दक्षिण भागात ऊस आणि कापसाच्या मळ्यांवर मळेवाल्यांचे जुने वाडे आहेत. वर्षानुवर्षे तेथे पाहुण्यांना झुंबरे, जिने, मालकिणीचे पोशाख दाखविले जात. मळ्यात राबणाऱ्या गुलामांचा उल्लेख झालाच तर ओझरता होई. लुइझियानातील व्हिटनी नावाच्या मळ्याचा वाडा २०१४ साली लोकांस खुला झाला तेव्हा त्याने ही रीत उलटी केली. तेथे इतिहास सांगितला जातो तो गुलामांचा. भिंतींवर नावे कोरली आहेत ती गुलामांची. त्यांची नावे कोठे मिळाली? मालकांच्या जुन्या कागदपत्रांतच. ज्या कागदांत माणसे मालमत्ता म्हणून नोंदली होती, त्यांतूनच ती माणसे म्हणून परत वर आली. वाडा पाडावा लागला नाही. फक्त वाड्याचा हिशेब नीट वाचावा लागला.

तंजावरात हे का होऊ नये? आणि ते करण्यास आमच्या अधिकारी वाचकांहून अधिक योग्य कोण? साहित्यिकाला दप्तराचा कंटाळा असतो. तुम्हांस तर दप्तराचीच सवय. जमाबंदी म्हणजे काय, वसूल आणि बाकी यांतला फरक काय, कागदावर दिसणारा दयाळूपणा प्रत्यक्षात कोणाच्या खर्चाने चालतो, हे तुम्हांस शिकवावे लागत नाही. कलम हे भाताचे माप आहे हे तंजावरात वर्षभर राहिलेल्या माणसाला ठाऊक असते. पुण्याच्या विद्वानाला ती लेखणी वाटेल! तुम्ही तमिळ बोलता, किंवा निदान बाजारापुरते तरी बोलता. तुमच्या आज्यांनी मोडी लिहिली. तुम्हांस ती शिकण्यास फार तर दोन पावसाळे लागतील. इतकी साधने हाती असता, तुम्ही मंडळाच्या वार्षिक संमेलनात पुन्हा एकदा सांबाराची गोष्ट सांगावी, यासारखा अपव्यय दुसरा नाही.

आमची मागणी मोठी नाही. दक्षिणेत असलेल्या प्रत्येक महाराष्ट्र मंडळाने, गणेशोत्सवाच्या खर्चातून थोडे वाचवून, मोडी वाचनाचा एक वर्ग चालवावा. ज्यांची बदली तंजावर, कुंभकोणम, नागपट्टिनम या बाजूस होईल, त्यांनी एकेका छत्राचा जमाखर्च हाती घ्यावा: कोणती गावे लावून दिली होती, भात किती आला, कोठे खर्च झाला, राबणाऱ्यांची नोंद कोणत्या नावाने आहे. जे सापडेल ते मराठीत लिहावे आणि तमिळ अभ्यासकांपुढे ठेवावे. त्यांनी आधीच केलेल्या कामाचे ऋण मान्य करून ठेवावे. आणि हे सापडलेले आमच्या अभिमानाला रुचेल की न रुचेल, याचा विचार लेखणी उचलण्यापूर्वी सोडून द्यावा.

मुक्तांबेची आख्यायिका आम्हांला पुसावयाची नाही. मरताना जिने दागिने मागितले नाहीत, थडगे मागितले नाही, वाटसरूंसाठी अन्न मागितले, अशी जिची कथा लोकांनी दोनशे वर्षे जपली, तिचा मान आम्ही का कमी करू? पण अन्न मागणाऱ्या स्त्रीच्या नावाने उभ्या असलेल्या घराचा इतिहास लिहिताना अन्न पिकविणाराला वगळावे, हा तिचाच अपमान आहे. मध्यरात्रीची घंटा हाच प्रश्न विचारीत होती की, कोणी राहिले आहे काय? त्या घंटेला आम्ही अद्याप खरे उत्तर दिलेले नाही. राहिले आहेत. त्यांची नोंद मोडीत आहे, आणि ती वाचणे हीच आमची खरी मिरास आहे.